माउंटन बाइकचे सुटे भाग जुळवताना

माउंटन बाइकचा एखादा भाग बदलायला घेतला आणि काम अडले, तर दोष बहुधा त्या भागात नसतो. तो शेजारच्या भागाला जिथे भिडतो, त्या सांध्यात असतो. कॅसेटचेच, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या संचाचे, उदाहरण घ्यावे. ती आतून हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) फ्रीहबवर, म्हणजे एकाच दिशेने ओढ धरणाऱ्या नळकांड्यावर, बसते, तिच्या दात्यांवर चेन चालते, चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या डिरेलरला तिच्या सर्वांत मोठ्या चक्रापर्यंत पोहोचावे लागते आणि तिच्या दोन चक्रांमधले अंतर शिफ्टरच्या, म्हणजे हँडलवरच्या गिअर बदलण्याच्या खटक्याच्या, एका खटक्याशी जुळावे लागते. म्हणजे ‘ही कॅसेट माझ्या सायकलला बसेल का’ हा एक प्रश्न नसून चार प्रश्न आहेत, आणि त्यांपैकी तिन्हींचे उत्तर होकारार्थी आले तरी चौथ्यापायी सगळी खरेदी वाया जाऊ शकते. जुळवाजुळव सुरू करण्यापूर्वी प्रत्येक भागाचे असे सगळे सांधे मोजून कागदावर उतरवणे, हे या कामातले सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत जास्त टाळले जाणारे पाऊल आहे.

पुढील विवेचन एक ठरावीक सायकल डोळ्यांसमोर ठेवून केले आहे: २०१५च्या आसपास घेतलेली, अॅल्युमिनियमच्या फ्रेमची, फक्त पुढे सस्पेन्शन असलेली, २७.५ इंची चाकांची, पुढे तीन आणि मागे नऊ चक्रांची सायकल. अशा सायकलींच्या फ्रेम आजही भक्कम असतात आणि मालकाला त्या मोडीत काढवत नाहीत. पुढे एकच चेनरिंग (पेडलजवळचे दातेरी चक्र), मागे मोठी कॅसेट, बरा फोर्क (पुढचे चाक धरणारा भाग), जमल्यास खाली-वर होणारा सीटपोस्ट (सीटची दांडी), अशी त्याची इच्छा असते. ती पूर्ण करता येते, परंतु सगळीच नाही, आणि कुठे थांबायचे हे मापेच सांगतात.

आधी मापे, मग खरेदी

एक चांगला व्हर्निअर कॅलिपर, एक मापपट्टी आणि एक वही एवढे साहित्य पुरते. भाग सुटा करून, पुसून, ग्रीस काढून मग मोजावा, कारण मळाचा थर मापात सहज दशांश मिलिमीटरची भर घालतो. शक्य तिथे मोजण्याआधी छापील आकडा शोधावा. सीटपोस्टचा व्यास त्याच्या तळाशी, किमान खोलीच्या रेघेजवळ कोरलेला असतो. टायरच्या बाजूवर ५४-५८४ असा जोड-आकडा असतो. त्यातला पहिला टायरची रुंदी आणि दुसरा रिमवर टायर बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. शिमानोच्या डिरेलरचा मॉडेल क्रमांक आतल्या बाजूला आणि क्रँकचा, म्हणजे पेडल बसतात त्या भागाचा, क्रमांक दांड्याच्या मागच्या अंगाला सापडतो. हे सर्व क्रमांक वहीत लिहावेत आणि छायाचित्रेही काढून ठेवावीत. दुकानात किंवा ऑनलाइन विचारणा करताना ‘२७.५ची सायकल आहे’ या वाक्यापेक्षा त्यांचा उपयोग कितीतरी अधिक होतो.

इंचाचे आकडे शक्यतो बाजूला ठेवावेत. २६ इंची माउंटन बाइकच्या रिमचा व्यास ५५९ मिलिमीटर असतो, तर जुन्या काळ्या सायकलींच्या घराण्यातील २६ × १-३/८ या टायरचा ५९० मिलिमीटर. दोघांवर ‘२६’ लिहिलेले असूनही एकाचे टायर दुसऱ्यावर चढत नाही. उलट २९ इंची माउंटन बाइक आणि ७०० सी म्हटली जाणारी रोड बाइक या दोन्हींचा व्यास ६२२ मिलिमीटरच असतो.

मापाचा आकडा आपल्या सोयीने जवळच्या आकड्याकडे सरकवणे हा मोह कटाक्षाने टाळावा. सीटपोस्टची प्रचलित मापे २७.२, ३०.९, ३१.६ आणि ३४.९ मिलिमीटर अशी आहेत. ३०.९ आणि ३१.६ यांत फरक अवघा ०.७ मिलिमीटरचा, परंतु ३१.६च्या नळीत ३०.९चा पोस्ट घसरत राहतो आणि तो घसरू नये म्हणून क्लॅम्प आवळत गेल्यास फ्रेमची नळी तडकते. लहान पोस्ट मोठ्या नळीत बसवायचा असेल तर नेमक्या त्याच जोडीसाठी बनवलेली, पुरेशा लांबीची अॅल्युमिनियमची मधली पातळ नळी (शिम) वापरावी. शीतपेयाच्या डब्याचा पत्रा गुंडाळून घालण्याची जी पद्धत दिसते, ती या जागी योग्य नाही. याच भागात आकड्यांची एक फसवी गल्लत होते. सीटक्लॅम्प फ्रेमच्या बाहेरच्या व्यासाला बसतो, म्हणून ३४.९चा क्लॅम्प हा बहुधा ३०.९ किंवा ३१.६च्या पोस्टसाठी असतो, आणि ३४.९चा पोस्ट ही अगदी वेगळी वस्तू असते. तसेच ३१.८ हा हँडलच्या मधल्या भागाचाही आकडा आहे आणि एका सीटक्लॅम्पचाही. आकड्याबरोबर तो आतला व्यास आहे की बाहेरचा, हे लिहिलेले नसेल तर ते माप अपुरे समजावे.

खाली-वर होणाऱ्या ड्रॉपर पोस्टसाठी व्यासाखेरीज खोलीही मोजावी लागते. सीटट्यूब आतून कुठपर्यंत सरळ आहे, बाटलीच्या पिंजऱ्याचे बोल्ट आत किती डोकावतात आणि केबल आत शिरण्यासाठी फ्रेमला भोक आहे का, हे तिन्ही पाहावे. भोक नसेल तर बाहेरून केबल येणारा ड्रॉपर घ्यावा. फ्रेमला ड्रिलने भोक पाडू नये.

मागचे चाक: सगळ्याचा पाया

गिअरबद्दल विचार करण्यापूर्वी मागच्या हबचे दोन प्रश्न सोडवावे लागतात, कारण फ्रेम टिकवायची असेल तर बाकी सगळे निर्णय याच दोन उत्तरांवर उभे राहतात.

पहिला प्रश्न: मागे कॅसेट आहे की आट्यांवर फिरवून बसवलेले फ्रीव्हील? ओळखण्याची रीत सोपी आहे. चाक काढून चक्रे उलट दिशेने फिरवावीत आणि मधल्या, पाना बसण्याच्या खाचांकडे पाहावे. खाचा चक्रांबरोबर फिरल्या तर ती कॅसेट. चक्रे फिरली आणि खाचा जागीच राहिल्या तर ते फ्रीव्हील. स्वस्त सायकलींत सात चक्रांपर्यंत फ्रीव्हीलच आढळते. फ्रीव्हीलच्या हबवर कोणतीही आधुनिक मोठी कॅसेट बसत नाही, आणि तिथे हब किंवा अख्खे चाक बदलणे एवढाच मार्ग उरतो. आपल्या उदाहरणातील नऊ चक्रांच्या सायकलीला बहुधा कॅसेटच असते आणि तिचा फ्रीहब शिमानोच्या एचजी पद्धतीचा असतो.

हा एचजी फ्रीहब ही या सायकलीच्या मालकासाठी मोठी जमेची बाजू आहे. त्याच्यावर आठ, नऊ आणि दहा चक्रांच्या कॅसेट बसतातच, शिवाय माउंटन बाइकसाठीच्या अकरा चक्रांच्या कॅसेटही बसतात, कारण त्यांची मोठी चक्रे स्पोकच्या दिशेने आत झुकवलेली असतात. रोड बाइकचा अकरा चक्रांचा फ्रीहब मात्र १.८५ मिलिमीटरने लांब असतो आणि त्यावर माउंटन बाइकची कॅसेट चढवताना तेवढ्या जाडीचा स्पेसर आधी घालावा लागतो. एचजीची मर्यादा अशी की त्यावर सर्वांत लहान चक्र अकरा दात्यांचेच असते. दहा दात्यांचे चक्र हवे असेल तर श्रॅमचा एक्सडी किंवा शिमानोने २०१८मध्ये आणलेला मायक्रो स्प्लाइन फ्रीहब लागतो, आणि जुन्या हबसाठी तो सुटा मिळेलच असे नाही. म्हणून बारा चक्रांचा हट्ट या सायकलीवर धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एचजीवर बसणाऱ्या बारा चक्रांच्या कॅसेटही मिळतात हे खरे, परंतु त्यासाठी शिफ्टर, डिरेलर आणि चेन ही सगळी तंतोतंत मापाची घ्यावी लागतात. जुन्या, किंचित वाकलेल्या हँगरवर, म्हणजे फ्रेमला डिरेलर जोडणाऱ्या पट्टीवर, ती सूर धरत नाहीत.

दुसरा प्रश्न फ्रेमच्या मागच्या दोन ड्रॉपआउटमधल्या, म्हणजे चाकाचा अॅक्सल बसतो त्या खाचांमधल्या, अंतराचा. चाक काढून आतल्या दोन पृष्ठांमधले अंतर मोजावे. १३५ मिलिमीटर आले आणि खाचा खाली उघड्या असल्या तर ती जुनी, खटक्याने आवळायची क्विक रिलीज पद्धत. १४२ आले आणि अॅक्सल आरपार जाऊन आट्यांत बसत असेल तर १४२ × १२. १४८ आले तर बूस्ट नावाची रुंद हबची पद्धत. १४१ हा आकडाही येऊ शकतो. ती बूस्टच्याच रुंदीची, परंतु क्विक रिलीजची फ्रेम असते, आणि १४१ व १४२ शेजारी दिसत असले तरी त्यांची चाके एकमेकांच्या जागी चालत नाहीत. याचे कारण असे की १४२च्या फ्रेममध्ये हबची टोके दोन्ही बाजूंनी ३.५ मिलिमीटर खोबणीत बसतात, म्हणजे आतला हब १३५चाच राहतो, तर बूस्टमध्ये हबची स्पोक अडकवण्याची बाजूची कडी आणि रोटर (डिस्क ब्रेकची चकती) खरोखरच प्रत्येकी तीन मिलिमीटर बाहेर सरकवलेले असतात. म्हणूनच अनेक हब केवळ टोकांवरच्या टोपण्या बदलून १३५चे १४२ होतात. १४२चे चाक १४८च्या फ्रेममध्ये टोपण्या आणि रोटरखालचा स्पेसर घालून बसवता येते. उलट दिशेने काहीही करता येत नाही. अॅल्युमिनियमची फ्रेम ओढून रुंद करण्याचा विचारही करू नये.

आरपार अॅक्सल विकत घेताना लांबीबरोबर आट्यांचा पल्ला, म्हणजे दोन आट्यांमधले अंतर, पाहावा. १२ मिलिमीटरच्या अॅक्सलवर १.०, १.५ आणि १.७५ मिलिमीटर असे तीन पल्ले चालतात. चुकीच्या पल्ल्याचा अॅक्सल पहिले दोन-तीन फेरे बिनबोभाट आत जातो आणि मग फ्रेमचे आटे कापत जातो, त्यामुळे हाताने सहज फिरेनासा झाला की तिथेच थांबावे.

गिअर: आकडा सारखा असणे पुरेसे नाही

शिफ्टरच्या एका खटक्याने केबल किती ओढली जाते आणि तेवढ्या ओढीने डिरेलर किती सरकतो, हा हिशेब प्रत्येक घराण्याचा वेगळा असतो. शिमानोचे माउंटन बाइकचे आठ आणि नऊ चक्रांचे डिरेलर एकाच हिशेबाचे आहेत, म्हणून ते आपसांत बदलता येतात. दहा चक्रांपासून हा हिशेब बदलला. त्यातही २०२०मध्ये आलेली डिओर एम४१०० ही दहा चक्रांची मालिका अकरा चक्रांच्या हिशेबावर बेतलेली आहे. एम५१२० हा डिरेलर दहा आणि अकरा दोन्हींसाठी चालतो तो त्यामुळेच. अर्थात आधीच्या पिढीचा दहा चक्रांचा डिरेलर आणि एम४१००चा शिफ्टर यांची जोडी करू नये. दोघांवर ‘१०’ असले तरी मधली दोन-तीन चक्रे नीट लागतात आणि टोकाला चेन खडखडते. श्रॅमचा हिशेब शिमानोपेक्षा निराळा आहे. २०२३मध्ये जाहीर झालेल्या शिमानो क्यूज मालिकेची कॅसेट एचजी फ्रीहबवर बसते, परंतु तिच्या चक्रांमधले अंतर जुन्या कॅसेटपेक्षा वेगळे असल्यामुळे तिला तिचाच शिफ्टर आणि तिचाच डिरेलर लागतो. या सगळ्यावरून व्यवहारात एकच नियम पाळावा: शिफ्टर, मागचा डिरेलर आणि कॅसेट ही तिघे एका मालिकेची, एकाच वेळी घ्यावीत. एखादा जुना भाग वाचवण्याच्या नादात तास वाया जातात आणि शेवटी तो बदलावाच लागतो.

डिरेलर निवडताना दोन आकडे पाहावे लागतात आणि लोक त्यांतला चुकीचा पाहतात. एक असतो त्याची एकूण क्षमता, म्हणजे तो किती ढिली चेन ओढून धरू शकतो. ती पुढच्या मोठ्या व लहान चेनरिंगच्या दात्यांमधला फरक आणि मागच्या मोठ्या व लहान चक्रांमधला फरक यांची बेरीज असते. आपल्या सायकलीला पुढे ४४-३२-२२ आणि मागे ११-३४ असेल तर बेरीज २२ अधिक २३, म्हणजे ४५ होते. पुढे एकच चेनरिंग आणि मागे ११-४६ केल्यास ती फक्त ३५ उरते. म्हणजे एकेरी चेनरिंगमध्ये क्षमतेची अडचण राहत नाही. अडचण येते ती दुसऱ्या आकड्याची, सर्वांत मोठ्या चक्राच्या मर्यादेची. ३४ किंवा ३६ दात्यांपर्यंतच्या डिरेलरखाली ४६चे चक्र लावले तर त्याची वरची पुली (चेन धरणारे छोटे चाक) चक्राला घासते. हँगर आणि डिरेलर यांच्यामध्ये घालायची एक लांबवणारी पट्टी बाजारात मिळते. सपाट रस्त्यावर ती चालून जाते, परंतु दगडधोंड्यांच्या उतारावर डिरेलर जितका खाली लोंबेल तितका तो आपटण्याचा धोका वाढतो, म्हणून माउंटन बाइकवर मी ती सुचवणार नाही.

आता या सायकलीसाठी प्रत्यक्ष निवड करू. जुन्या रचनेतील सर्वांत हलका गिअर २२ भागिले ३४, म्हणजे ०.६५. घाट चढताना हाच गिअर पायांना सवयीचा झालेला असतो, त्यामुळे नवी रचना किमान तेवढी हलकी असलीच पाहिजे. दहा चक्रांची ११-४६ कॅसेट घेतल्यास पुढे ३२ दात्यांचे चेनरिंग ०.७० देते, ३० दात्यांचे ०.६५ देते, म्हणून तिथे ३० घ्यावे. अकरा चक्रांची ११-५१ कॅसेट एचजीवर बसते आणि तिच्याबरोबर पुढे ३२ ठेवूनही ०.६३ मिळतात, तिला मात्र शिमानो डिओर एम५१००चा एकेरी चेनरिंगसाठीचा डिरेलरच लावावा. वरच्या टोकाला काय गमवावे लागते तेही आधीच समजून घ्यावे. मिनिटाला ९० फेरे मारले तर ४४ आणि ११च्या जोडीवर सायकल ताशी सुमारे ४७ किलोमीटर जाते, ३२ आणि ११वर सुमारे ३४, तर ३० आणि ११वर सुमारे ३२. सायकल मुख्यतः डोंगरवाटांवर चालत असेल तर हा तोटा जाणवत नाही. तीच सायकल रोज महामार्गावरून कामाला नेणाऱ्याने मात्र तीन चेनरिंग काढण्यापूर्वी पुन्हा विचार करावा.

चेन कॅसेटच्या चक्रसंख्येची घ्यावी. नऊ चक्रांच्या चेनची बाहेरची रुंदी सुमारे ६.६ मिलिमीटर असते, अकराची सुमारे ५.६, जाड चेन अरुंद फटीत शेजारच्या चक्राला घासते.

पुढे एकच चेनरिंग करताना क्रँक बदलावाच लागतो असे नाही. चेनरिंगचे चार बोल्ट सुटे होत असतील आणि त्यांचे वर्तुळ १०४ मिलिमीटरचे असेल, तर मधल्या जागी रुंद-अरुंद दात्यांचे चेनरिंग बसवून बाकीची दोन काढून टाकता येतात. समोरासमोरच्या दोन बोल्टमधले अंतर मोजले की ते वर्तुळ कळते. ३२ दात्यांचे चेनरिंग तिथे निर्वेध बसते. ३० दात्यांसाठी मात्र ज्याच्या भोकांतच आटे पाडलेले आहेत असे चेनरिंग मागावे, कारण साध्या बोल्टचे डोके चेनला लागते. मधली जागा वापरण्याचा आणखी एक फायदा म्हणजे चेनची रेषा. तीन चेनरिंगच्या क्रँकमध्ये मधले चेनरिंग फ्रेमच्या मध्यापासून सुमारे ५० मिलिमीटरवर असते आणि १३५च्या हबला ते मानवते. बूस्ट फ्रेमसाठीचा क्रँक ५२ किंवा ५५ मिलिमीटरची रेषा धरतो. तो या सायकलीला लावल्यास सर्वांत मोठ्या चक्रावर चेन फार तिरकी पडते. चेनरिंग रिव्हेटने जखडलेली असतील तर नवा क्रँक घेण्यावाचून गत्यंतर नाही, आणि मग बॉटम ब्रॅकेटचा, म्हणजे क्रँक ज्यावर फिरतो त्या बेअरिंगच्या संचाचा, प्रश्न आलाच.

बॉटम ब्रॅकेट

फ्रेमच्या, क्रँकचा अॅक्सल आरपार जातो त्या आडव्या नळीला आतून आटे असतील आणि तिची रुंदी ६८ किंवा ७३ मिलिमीटर असेल तर ती बीएसए पद्धत समजावी. बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स या ब्रिटिश कारखान्याच्या नावाने चालत आलेली ही पद्धत अजूनही सर्वांत निर्धोक आहे, कारण तिच्यात जवळपास कोणत्याही क्रँकसाठी बॉटम ब्रॅकेट मिळतो. चौकोनी टोकाच्या जुन्या अॅक्सलऐवजी शिमानोचा २४ मिलिमीटर पोकळ अॅक्सलचा क्रँक इथे सरळ बसतो. चेनच्या बाजूचे आटे उलटे असतात, हे पाना लावण्याआधी आठवावे. त्या बाजूचा कप सोडवण्यासाठी घड्याळाच्या दिशेने फिरवावा लागतो. कपाबरोबर २.५ मिलिमीटरचे तीन स्पेसर येतात. साधा, पट्ट्याने आवळलेला पुढचा डिरेलर असलेल्या किंवा तो नसलेल्या ७३च्या नळीला त्यांपैकी एकच, चेनच्या बाजूला लावावा. ६८ला दोन चेनच्या बाजूला आणि एक दुसऱ्या बाजूला. कप ३५ ते ५० न्यूटन-मीटरने आवळावेत. नळीत आटे नसून ती गुळगुळीत असेल तर आतला व्यास मोजावा: ४१ मिलिमीटर आणि रुंदी सुमारे ९२ असेल तर शिमानोची प्रेसफिट, ४२ असेल तर बीबी३०, ४६ असेल तर पीएफ३०. हे काम दाबयंत्र असलेल्या कारागिराकडून करून घ्यावे.

फोर्क बदलण्याचा खरा हिशेब

फोर्क हा भाग सर्वांना हवासा असतो आणि जुन्या फ्रेमवर तोच सर्वांत जास्त अडतो. जुन्या फोर्कची, फ्रेममधून वर हँडलपर्यंत जाणारी स्टिअरर नळी वरपासून खालपर्यंत १-१/८ इंच, म्हणजे २८.६ मिलिमीटर व्यासाची असते. आजचे बहुतेक फोर्क खाली १.५ इंचापर्यंत रुंद होत जातात. तेव्हा हेडसेट (स्टिअररची बेअरिंगे) काढून फ्रेमच्या हेडट्यूबचा, म्हणजे स्टिअरर ज्यातून जातो त्या पुढच्या नळीचा, आतला व्यास दोन्ही टोकांना मोजावा. दोन्हीकडे ३४ मिलिमीटर आले तर रुंद होत जाणारा फोर्क त्या फ्रेमला कधीच बसणार नाही. दोन्हीकडे ४४ आले तर खाली बाहेरचा कप लावून तो बसतो. हेडसेटच्या प्रमाण खुणेनुसार त्या कपाला ईसी४४/४० म्हणतात आणि वरच्याला झेडएस४४/२८.६. वर ४४ आणि खाली ५६ आले तर फ्रेम मुळातच अशा फोर्कसाठी घडवलेली आहे. जुना सरळ फोर्क नव्या फ्रेमला लावणे मात्र सोपे असते, कारण तिथे केवळ खालचे बेअरिंग किंवा त्याखालचे कडे बदलावे लागते.

यानंतर चाक येते. जुने पुढचे चाक १०० मिलिमीटर रुंदीचे आणि क्विक रिलीजचे असते, तर नव्या फोर्कला ११० × १५ चा बूस्ट हब लागतो. हबला १५ मिलिमीटरच्या टोपण्या मिळत असतील तर त्यांवर दोन्ही बाजूंना पाच-पाच मिलिमीटरची भर आणि रोटरखाली पाच मिलिमीटरचा स्पेसर घालून ते चालवता येते. मिळत नसतील तर पुढचे चाक नवे घ्यावे लागते. वापरलेला फोर्क घेताना स्टिअरर किती कापला आहे हे आधी विचारावे. हेडट्यूबची लांबी, हेडसेटच्या वरच्या-खालच्या कपांची जाडी, स्पेसर आणि हँडल धरणाऱ्या स्टेमची उंची यांच्या बेरजेपेक्षा तो आखूड असेल तर स्वस्त किमतीला भुलू नये.

प्रवास, म्हणजे फोर्क किती दबतो ते, वाढवताना फ्रेम निर्मात्याची मर्यादा ओलांडू नये. फोर्क २० मिलिमीटरने उंच झाला की पुढचा कोन साधारण एका अंशाने लवंडतो आणि हेडट्यूबच्या जोडावरचा ताण वाढतो. १०० मिलिमीटरच्या फ्रेमवर १२० निर्मात्याच्या मर्यादेत असेल तर चालते. १४० लावू नये, मग ते कितीही व्यवस्थित बसत असो. बसणे आणि झेपणे यांत फरक आहे, आणि या एका जागी तो फरक माणसाच्या दातांवर आणि मणक्यावर येतो. नवा फोर्क, नवे पुढचे चाक, हेडसेट आणि कदाचित नवा रोटर अशी बेरीज करून पाहावी. ती जर दुसऱ्या, नव्या मापांच्या चांगल्या सायकलीच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल, तर गिअर आणि टायर सुधारून फोर्क तसाच ठेवणे शहाणपणाचे.

ब्रेक

ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे पॅड रोटरवर दाबणारा भाग, फ्रेमला कसा जोडला आहे ते पाहावे. बोल्ट चाकाच्या अॅक्सलला समांतर, आडवे जात असतील तर ती ५१ मिलिमीटर अंतराची आयएस पद्धत. बोल्ट सरळ फ्रेमच्या आट्यांत पुढून जात असतील आणि अंतर ७४ असेल तर पोस्ट माउंट. अॅडॉप्टर घेताना तीन गोष्टी सांगाव्यात: फ्रेमची पद्धत, कॅलिपरची पद्धत आणि रोटरचा व्यास. १६०चा रोटर १८०चा केल्यास चालते, परंतु फ्रेमच्या मागच्या त्रिकोणात तो फिरायला जागा हवी आणि निर्मात्याची परवानगीही हवी. सहा बोल्टचा रोटर अॅडॉप्टरने सेंटर लॉक (मधल्या एकाच कड्याने आवळायच्या) हबवर बसतो; सेंटर लॉकचा रोटर सहा बोल्टच्या हबवर बसत नाही. स्वस्त रोटरवर ‘फक्त रेझिन पॅड’ अशी सूचना असते, तिथे धातूचे पॅड वापरू नयेत.

तेलाबाबत कसलीही तडजोड करू नये. शिमानो, टेक्ट्रो आणि मागुरा यांचे ब्रेक खनिज तेलावर चालतात; श्रॅमचे अनेक ब्रेक डॉट या खुणेच्या ब्रेक द्रवावर, तर डीबी८ आणि मेव्हन हे खनिज तेलावर. झाकणावर जे लिहिले आहे तेच भरावे. एका प्रकारच्या ब्रेकमध्ये दुसरा द्रव गेला तर आतली रबरी सीले फुगतात आणि ब्रेक उतारावर दगा देतो. केबलवरचे डिस्क ब्रेक घ्यायचे असतील तर माउंटन बाइकच्या लांब ओढीच्या लिव्हरसाठी बनवलेलेच घ्यावेत. रोड बाइकचे कॅलिपर त्या लिव्हरशी जुळत नाहीत.

टायरच्या रुंदीबद्दल एवढेच की फ्रेम आणि टायर यांच्यामध्ये प्रत्येक बाजूला किमान सहा मिलिमीटर मोकळी जागा राहावी, आणि सह्याद्रीत पावसाळ्यात सायकल चालवणाऱ्याने त्याहून अधिक ठेवावी. तिथला चिकट चिखल टायरवर थर धरतो आणि त्यातले खडे चेनस्टेचा (मागच्या चाकाच्या बाजूने जाणाऱ्या खालच्या नळीचा) रंगच नव्हे, धातूही खरवडतात.

जोडणी आणि तपासणी

आधी हँगर सरळ आहे का हे मापकाने तपासावे, नाहीतर उत्तम भागही बिघडलेले वाटतात. चेन डिरेलरमधून न ओवता पुढच्या चेनरिंगवरून आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्रावरून फिरवावी आणि जिथे टोके भिडतात तिथून एक आतली व एक बाहेरची कडी अधिक ठेवून तोडावी. डिरेलरच्या पत्रकात वेगळी संख्या दिली असेल तर ती पाळावी. मागेही सस्पेन्शन असेल तर शॉकमधली हवा काढून, सायकल पूर्ण दाबून हे माप घ्यावे, कारण दबताना मागचे चाक क्रँकपासून दूर जाते. मग हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून केबल आणि ब्रेकची नळी ताणली जात नाही ना ते पाहावे. सर्वांत मोठ्या चक्रावर वरची पुली चक्राला न घासता जवळून जावी, आणि त्या गिअरमध्ये क्रँक उलटा फिरवला असता चेन खाली घसरू नये. घसरत असेल तर चेनची रेषा पुन्हा मोजावी. पहिल्या खडबडीत फेरीनंतर क्रँकचे दोन बोल्ट १२ ते १४ न्यूटन-मीटरवर, आणि स्टेम, रोटर व सीटक्लॅम्प यांचे बोल्ट त्यांच्यावर छापलेल्या किंवा पत्रकात दिलेल्या आकड्यावर टॉर्क पान्याने परत तपासावेत. नव्या चेनरिंगचे चार बोल्टही याच वेळी पाहावेत, कारण पहिल्या फेरीत सैल होतात ते बहुधा तेच.